लोकप्रतिनिधीचे निदान

रुग्णाच्या साध्या ज्वराचे हेतू शोधताना आपण आहार, विहार, ऋतू, देश असा सर्व विचार करतो. परंतु गावातून निवडून आलेल्या माणसाविषयी मात्र एका वाक्यात निकाल देऊन मोकळे होतो – ‘सगळे पैशासाठी.’ वडपे येथे व्यवसाय करताना मीही हेच निदान अनेक वर्षे केले. ते अपुरे होते, हे सांगण्यासाठीच हा लेखनप्रपंच.

वडपे हे मुंबई-नाशिक महामार्गावरील गाव. माजिवडा-वडपे रस्त्याच्या आठपदरीकरणाचे काम हाती घेण्यात आले. शेजारच्या आमणे येथवर समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ रोजी पूर्णपणे खुला झाला. भाताच्या खाचरांच्या जागी गोदामे उभी राहिली. जमिनीला भाव आला की सत्तेच्या पदालाही भाव येतो. त्यामुळे येथे लोकप्रतिनिधीच्या हेतूंविषयी शंका येणे स्वाभाविक आहे. पण शंका म्हणजे निदान नव्हे.

एषणांचा विचार

चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या ११ व्या अध्यायात प्राणैषणा, धनैषणा आणि परलोकैषणा अशा तीन एषणा सांगितल्या आहेत. बृहदारण्यक उपनिषदात पुत्रैषणा, वित्तैषणा आणि लोकैषणा येतात. आजच्या राजकारणात पुत्रैषणेचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही! पण धनाइतकीच बलवान असते ती लोकैषणा, म्हणजे ‘लोकांनी आपल्याला मानावे’ ही ओढ.

एका भातलावणीच्या दिवसांत सर्पदंश झालेल्या मजुराला एक ग्रामपंचायत सदस्य रात्री दोन वाजता माझ्या दारी घेऊन आले. मी तातडीने भिवंडीच्या रुग्णालयात नेण्यास सांगितले. ते स्वतः गाडी चालवत गेले आणि पहाटेपर्यंत तेथे बसून राहिले. पुढे त्याच गृहस्थांच्या आप्तांनी गोदामासाठी भराव टाकताना पाण्याचा जुना ओहोळ बुजवला. पावसात वस्तीत पाणी शिरले, माझ्याकडे अतिसाराचे रुग्ण वाढले; सदस्य मात्र ग्रामसभेत मौन राहिले. ती पहाट खोटी नव्हती आणि हे मौनही खोटे नव्हते. एकाच देहात अनेक दोष नांदतात, हे आपण जाणतोच.

परीक्षेची साधने

आप्तोपदेश, प्रत्यक्ष आणि अनुमान ही आपली साधने येथेही उपयोगी पडतात. मात्र ‘आप्त’ कोण, हे पारखावे. रज-तमापासून मुक्त तो आप्त. समर्थक आणि विरोधक दोघेही त्या व्याख्येत बसत नाहीत. प्रत्यक्षासाठी ग्रामसभा आहे. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवशी ती भरवण्याचा प्रघात आहे. आपल्यापैकी किती जण जातात? उमेदवाराची मालमत्ता, शिक्षण आणि गुन्हेगारी प्रकरणे यांचे शपथपत्र लोकसभा-विधानसभेसाठी सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ व २००३ च्या निर्णयांमुळे सर्वांना पाहता येते.

अनुमानासाठी कारकीर्दीचा क्रम पाहावा. आपल्याच तालुक्यातील दिवे-अंजूरचे कपिल पाटील सरपंचपदापासून जिल्हा परिषदेच्या अध्यक्षपदापर्यंत गेले, २०१४ व २०१९ मध्ये खासदार झाले आणि २०२१ ते २०२४ या काळात केंद्रात पंचायती राज राज्यमंत्री होते. २०२४ मध्ये सुरेश म्हात्रे यांनी त्यांचा पराभव केला. गावच्या पायरीवरून दिल्लीपर्यंतची वाट असते आणि मतदार ती बदलूही शकतो, हे ज्याला ठाऊक आहे, त्याच्या वागण्यात महत्त्वाकांक्षा आणि भय दोन्ही आढळणारच.

आपली स्वतःची परीक्षा

शेवटी एक अप्रिय प्रश्न. लोकप्रतिनिधीकडे आपण केव्हा जातो? दवाखान्याची परवानगी, औषधी दुकानाचा परवाना किंवा बदली अडली की! २०१४ च्या कायदादुरुस्तीसारखे आपल्या व्यवसायाचे निर्णय विधिमंडळात होतात, तेव्हा शिष्टमंडळे निघतात, एरवी नाही. मग त्यांनीही आपले निदान ‘सगळे स्वार्थासाठी’ असेच केले, तर दोष कोणाचा?

त्या ओहोळाचा प्रश्न मी पुढील ग्रामसभेत लेखी मांडला, रुग्णसंख्येसह, कोणाही रुग्णाचे नाव न घेता. सदस्यांनी मान खाली घातली. पण त्याच आठवड्यात पाहणीला तेच माझ्यासोबत आले. लोकैषणेला योग्य अनुपान मिळाले, एवढेच मी म्हणेन. ओहोळ अद्याप पूर्ण मोकळा झालेला नाही. चिकित्सा चालू आहे.