जिवंत पाण्याची तहान

प्रार्थनेत मन कोरडे पडले की आपली श्रद्धाच आटली, असे पुष्कळ भाविकांना वाटते. आपण दिलेले पाणी जो पिईल त्याला पुन्हा कधीही तहान लागणार नाही, असे प्रभू येशूचे अभिवचन आहे (योहान ४:१४). मग ही तहान उरते ती कशी?

याचा उलगडा मूळ ग्रीक शब्दांतून होतो. सूखार गावाजवळ, याकोबाच्या विहिरीपाशी शोमरोनी स्त्री बोलते ती ‘फ्रेआर’विषयी, म्हणजे खणलेल्या विहिरीविषयी. प्रभू मात्र आपल्या अभिवचनात ‘पेगे’, म्हणजे झरा, हा शब्द योजितो. आणि तो झरा पिणाऱ्याच्या अंतरी उफाळेल असे सांगतो. तेव्हा श्रद्धा म्हणजे एकदाच भरून ठेवलेली घागर नव्हे. अंतरी झरा असलेल्यालाही रोज प्यावे लागतेच. मात्र पाण्यासाठी त्याला दारोदार फिरावे लागत नाही. हे जिवंत पाणी म्हणजे पवित्र आत्मा, असे योहान पुढे स्वतःच स्पष्ट करितो (७:३९).

बेचाळिसाव्या स्तोत्राचा कर्ता देवासाठी तान्हेला आहे. तो अश्रद्ध नव्हे, उपासकच आहे. पाणी देऊ करणारा प्रभू स्वतः क्रुसावर तहानेने व्याकूळ झाला (१९:२८). म्हणून आपण आपल्या तहानेला अविश्वासाचे लक्षण मानू नये. देवाची ओढच न वाटणे ही खरी कोरड होय. ओढ आहे तोवर आत्मा आपणांत कार्य करीत आहे, हे जाणून शुष्क दिवशीही आपण प्रार्थनेस बसावे.