सिगारच्या पाकिटातलं कार्ड आणि मुंबईचा कापूस : १८६२ची 'बरोबरीत सुटलेली' लढाई नेमकं कोण जिंकलं?

सिगारेट आणि सिगारच्या पाकिटात एकेकाळी छोटं रंगीत कार्ड यायचं. पाकीट चेपू नये, एवढंच त्याचं मूळ काम. पुढे कंपन्यांनी त्यावर खेळाडू, पक्षी, लढाया छापल्या आणि संच पूर्ण करण्यासाठी लोक तोच ब्रँड पुन्हा घेऊ लागले. अमेरिकेत अशा कार्डांवर झळकलेली एक लढाई म्हणजे 'मॉनिटर' विरुद्ध 'मेरिमॅक'.

लढाई कशासाठी झाली?

१८६१मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. उत्तरेने दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी केली. दक्षिणेची सगळी भिस्त कापसावर. तो बाहेर गेलाच नाही, तर शस्त्रांसाठी पैसा कुठून आणणार? ही कोंडी फोडण्यासाठी दक्षिणेने 'मेरिमॅक' या जळालेल्या जहाजाच्या सांगाड्यावर लोखंडी चिलखत चढवलं आणि त्याला 'व्हर्जिनिया' हे नवं नाव दिलं. लोकांच्या तोंडी आणि चित्रांवर मात्र जुनंच नाव राहिलं.

पहिल्या दिवशी काय घडलं?

८ मार्च १८६२. ठिकाण, व्हर्जिनिया राज्यातलं हॅम्प्टन रोड्स. नावात 'रोड्स' असलं, तरी ही नद्यांच्या मुखाशी जहाजं नांगरण्याची जागा आहे. 'व्हर्जिनिया'ने उत्तरेचं 'कम्बरलँड' धडक देऊन बुडवलं आणि 'काँग्रेस' पेटवून दिलं. दोन्ही जहाजं लाकडी होती. दोनशेहून अधिक खलाशी मारले गेले.

'मॉनिटर'मध्ये वेगळं काय होतं?

त्याच रात्री उत्तरेचं 'मॉनिटर' तिथे पोहोचलं. स्वीडनमध्ये जन्मलेले इंजिनीअर जॉन एरिक्सन यांचं हे डिझाइन. डेक पाण्याच्या जेमतेम वर आणि मधोमध दोन तोफांचा गोल लोखंडी बुरूज. नेम धरायला जहाज वळवायची गरज नाही, वाफेच्या जोरावर फक्त बुरूज फिरायचा. अडचण एकच : फिरू लागलेला बुरूज नेमक्या जागी थांबवणं कठीण होतं. शिवाय तोफ फुटू नये म्हणून एका वेळी १५ पौंडच दारू भरण्याचा आदेश होता.

९ मार्चला दोन्ही जहाजं सुमारे चार तास एकमेकांवर गोळे डागत राहिली. 'मॉनिटर'चे कप्तान जॉन वर्डन यांच्या डोळ्यांना इजा झाली, पण चिलखत कोणाचंच फुटलं नाही. विजयाचा दावा दोघांनीही केला.

मग जिंकलं कोण?

लढाई बरोबरीत सुटली, पण नाकेबंदी कायम राहिली. म्हणजे दक्षिणेचा हेतू फसला. मे महिन्यात माघार घेताना दक्षिणेनेच 'व्हर्जिनिया' उडवून दिलं. 'मॉनिटर' ३१ डिसेंबरला वादळात बुडालं. त्यात १६ जणांचा जीव गेला.

मुंबईचा काय संबंध?

अमेरिकी कापूस अडकल्याने लँकेशायरच्या गिरण्या भारतीय कापसाकडे वळल्या. मुंबईत भाव भडकले, व्यापाऱ्यांच्या हाती अफाट पैसा आला आणि बॅकबेत समुद्र हटवून जमीन काढणाऱ्या कंपनीच्या शेअर्सवर सट्टा रंगला. १८६५मध्ये युद्ध संपलं, तसे कापसाचे भाव कोसळले. पाठोपाठ कंपन्या, बँका आणि अनेक मोठे व्यापारी बुडाले.

कार्डावर दिसतात ती फक्त दोन जहाजं आणि धूर. ज्या कापसासाठी ही कोंडी होती, तो त्या चित्रात कुठेच नाही.