मोठे ब्रेक लावले की गाडी लवकर थांबते का?

ज्यांना भाग ऐकायला जमला नाही, त्यांच्यासाठी हे लेखी रूप.

एका श्रोत्याचा व्हॉइस मेसेज आला: "दादा, घाट उतरताना ब्रेक पेडल एकदम मऊ पडलं. घाबरलो यार. मित्र म्हणतो बिग ब्रेक किट टाक. टाकू का?"

भावा, आधी हे सांग. कोरड्या रस्त्यावर जोरात ब्रेक दाबलास की पायाखाली एबीएस थरथरतं ना? मग चाक लॉक करण्याइतकी ताकद तुझ्या ब्रेकमध्ये आहेच. कमी पडते ती टायरची पकड. म्हणजे एकदाच कचकन थांबायचं असेल, तर लाखांतल्या किटपेक्षा चांगले टायर जास्त कामाचे.

मग किट कशासाठी? उष्णतेसाठी. १२०० किलोची गाडी १०० च्या वेगावरून थांबवताना साधारण ४६० किलोज्यूल ऊर्जा निघते. दीड लिटर पाण्याला उकळी आणायला लागते तेवढी! वेग दुप्पट झाला की ऊर्जा चौपट. चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर हे प्रत्येक लॅपमध्ये पुन्हा पुन्हा होतं, डिस्कला थंड व्हायला उसंतच नाही. मोठी, जड डिस्क ही उष्णता जास्त वेळ सोसते. ट्रॅकवाले पैसे मोजतात ते यासाठी.

तुझं पेडल मऊ पडलं, त्यामागे बहुतेक ब्रेक फ्लुइड असणार. हे फ्लुइड हवेतली ओल शोषून घेतं. डॉट ४ नवं असताना किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पण ओल मुरली की ही मर्यादा १५५ पर्यंत घसरू शकते. फ्लुइड उकळलं की वाफेचे बुडबुडे होतात, आणि तू दाबतोस ते ब्रेक नाही, बुडबुडे!

आता किट निवडताना काय बघायचं? ब्रेंबो, एपी रेसिंग, विल्वुड ही नावं तुम्ही ऐकली असतील. पण नुसतं नाव किंवा पिस्टनची संख्या बघून भुलू नका.

एक, डस्ट सील. रेसिंगच्या अनेक कॅलिपरना ते नसतं. ट्रॅकवर चालतं, पण आपल्याकडच्या धुळीत नि चिखलात पिस्टन खराब होतात. रोजच्या गाडीला सीलवालंच घ्या.

दोन, डिस्क. टू-पीस डिस्कमध्ये मधला भाग अ‍ॅल्युमिनियमचा, बाहेरची रिंग लोखंडी. वजन कमी, आणि झिजली की फक्त रिंग बदलता येते. भोकं पाडलेली डिस्क दिसते भारी, पण ट्रॅकच्या उष्णतेत भोकांपाशी तडे जाऊ शकतात. तिथे खाचा असलेली बरी.

तीन, बॅलन्स. सगळ्यात महत्त्वाचं! फक्त पुढे भलामोठा कॅलिपर लावला आणि हिशोब चुकला, तर मागचे ब्रेक नुसतेच बसून राहतात आणि गाडी थांबायला उलट जास्त अंतर घेते. किट तुमच्याच मॉडेलसाठी बनवलंय का, हे विचाराच.

चार, पॅड. रेसिंग पॅड थंड असताना नीट पकडत नाहीत. सकाळी सोसायटीच्या गेटबाहेर कोणी आडवं आलं, तर तुमच्याकडे वॉर्म-अप लॅप नसते.

आणि हो, मोठा कॅलिपर तुमच्या रिममध्ये मावतो का ते मोजा. इन्शुरन्स कंपनीलाही आधी विचारा.

तर भावा, तुझ्यासाठी उत्तर: गॅरेजमध्ये पॅड नि डिस्क तपासून घे, फ्लुइड बदल, टायर बघ. घाट उतरताना खालचा गिअर टाक, म्हणजे इंजिनही गाडी धरून ठेवतं. ट्रॅकवर नियमित जायला लागलास आणि चांगले पॅड, ताजं फ्लुइड असूनही ब्रेक तापून ढिले पडायला लागले, तर किटचं बोलू.

लाल कॅलिपर रिममधून मस्त दिसतो, मान्य. पण पेडल मऊ पडतं, तेव्हा रंग कामाला येत नाही.

भेटू पुढच्या भागात. तोवर गाडी जपून चालवा!