हरिश्चंद्रगडाचा नकाशा आणि माझी एक न पुसलेली रेघ

ज्यांना इअरफोन लावून ऐकायला जमलं नाही, त्यांच्यासाठी हा भाग लिहून देतोय. आजचा विषय आहे ट्रेकचा नकाशा स्वतः कसा बनवायचा. पण आधी माझी चूक सांगतो.

मागच्या ऑगस्टमध्ये ऑफिसमधल्या एका ज्युनिअरचा फोन आला. "दादा, तुझ्याच ट्रॅकवरून चाललो होतो, तरी चुकलो." सहा जण खिरेश्वरवरून हरिश्चंद्रगडावर निघाले होते. तोलार खिंडीच्या वरचा कातळटप्पा चढून गेले आणि समोर सगळं धुकं. फोनवर माझी रेघ दिसत होती. एका जागी तिला दोन फाटे होते, त्यांनी उजवा धरला. तो फाटा एका ओल्या उतारावर जाऊन संपला. तिथे एकाचा पाय घसरला आणि मनगट फ्रॅक्चर झालं. थोडक्यात निभावलं.

तो उजवा फाटा म्हणजे काय होतं? मी स्वतः वाट चुकून पंधरा मिनिटं भरकटलो होतो आणि परत आलो होतो, ते! घरी येऊन फाइल न बघता तशीच ग्रुपवर टाकली. मुद्दा एवढाच आहे की जीपीएस तुमचं चालणं नोंदवतो. त्यातली वाट कोणती आणि चूक कोणती, हे त्याला कळत नाही. ते आपणच ठरवायचं असतं.

रेकॉर्डिंग

मी हातात मावणारा, दोन एए सेलवर चालणारा जीपीएस वापरतो. पावसात ओल्या बोटांनी टचस्क्रीन ऐकत नाही, बटणं ऐकतात. पण फोनवरही हे सगळं जमतं. पायथ्याशी यंत्र चालू करून मोकळ्या आकाशाखाली पाच मिनिटं थांबा, उपग्रह नीट पकडू द्या. यंत्र पँटच्या खिशात नको, सॅकच्या खांद्याच्या पट्ट्यावर हवं.

मोकळ्या पठारावर चूक साधारण तीन ते पाच मीटर असते. दाट झाडीत आणि कड्याला खेटून चालताना सिग्नल आपटून येतो, मग रेघ सहज दहा-वीस मीटर सरकते. म्हणून एकाच ट्रॅकवर विसंबू नका. जाताना एक, येताना एक, मित्राचा एक असे तीन-चार ट्रॅक जमवा.

वाटेत खुणा टिपत चला: फाटा, टाकं, कातळटप्पा, रेलिंग. पाण्याच्या खुणेला महिना जोडा. 'टाकं, डिसेंबरला पाणी' हे नुसत्या 'पाणी'पेक्षा कितीतरी कामाचं. घळीला, टेपाडाला गावातले काका-मावशी काय म्हणतात ते विचारा. वाट चुकून फोन केलात, तर शोधायला येणाऱ्याला तेच नाव कळणार आहे.

साफसफाई

जीपीएक्स फाइल म्हणजे साधा मजकूर असतो. प्रत्येक बिंदूला अक्षांश, रेखांश, उंची आणि वेळ. अक्षांशातला पाचवा दशांश म्हणजे साधारण एक मीटर, त्यामुळे त्यापुढचे आकडे बघून हुरळून जाऊ नका.

जेओएसएम हे फुकट सॉफ्टवेअर कॉम्प्युटरवर घ्या आणि सगळे ट्रॅक एकावर एक उघडा. जिथे रेघांचा गुंता दिसतो तिथे आपण जेवायला बसलो होतो. जिथे शेपटी बाहेर जाऊन परत येते तिथे बहुतेक चुकलो होतो. वेळ तपासली की आठवतं. आता ट्रॅक खोडत बसू नका, त्यांच्या मधोमध नवी रेघ काढा. आणि चुकीच्या फाट्यावर खूण ठेवा: 'इथे उजवीकडे जाऊ नका'. शेपटी नुसती पुसली तर पुढचा माणूस तिथेच चुकेल.

उंचीच्या रेषा

जीपीएसची उंची आडव्या जागेपेक्षा जास्त चुकते. समोच्च रेषांसाठी एसआरटीएमचा डेटा घ्या. फेब्रुवारी २००० मध्ये एंडेव्हर यानातून रडारने केलेली ती मोजणी आहे. क्यूजीआयएसमध्ये त्यातून वीस मीटर अंतराच्या रेषा काढता येतात. पण एक लक्षात ठेवा, यात साधारण तीस मीटरच्या चौकोनाला एकच उंची मिळते. कोकणकड्यासारखा सरळ तुटलेला कडासुद्धा त्यात नुसता तीव्र उतार वाटतो. म्हणून कड्याची धार लाल रेषेने स्वतः काढा.

नकाशा बाहेर काढणं

नवी रेघ आणि खुणा जीपीएक्समध्ये सेव्ह करून ऑसमअँडमध्ये टाकल्या की फोनवर नेटशिवाय दिसतात. गार्मिनच्या यंत्रासाठी एमकेजीमॅप नावाचं फुकट टूल आहे. ते जेओएसएमच्या फाइलमधून यंत्राला कळणारा नकाशा बनवतं. तो यंत्रातल्या गार्मिन फोल्डरमध्ये टाकायचा. आणि क्यूजीआयएसमधून एक कागदी प्रिंट काढाच. कागदाची बॅटरी संपत नाही. नकाशावर तारीख लिहा, कारण पावसाळ्यानंतर वाटा बदलतात.

चाचणी

सॉफ्टवेअरवाल्यांना माहीत आहे, कोड लिहिणाऱ्यानेच टेस्ट केला तर बग सापडत नाही. नोव्हेंबरमध्ये त्याच ज्युनिअरला नवा नकाशा दिला आणि मी मागून गप्प चालत राहिलो. त्या फाट्यापाशी तो थांबला, स्क्रीन बघितली, खूण वाचली आणि डावीकडे वळला. पुढे एका टेकडीवर मात्र गोंधळला. घरी येऊन मी तिथे आणखी एक खूण टाकली.

तुमच्या फोनमध्येही असा न तपासलेला ट्रॅक पडला असेल. कुणाला पाठवण्याआधी एकदा उघडून बघा. भेटू पुढच्या भागात!