जाऊबाईंची गोळी आणि पॅरिसचे उंदीर

आमच्या थोरल्या जाऊबाईंनी कधी तंबाखूला हात लावला नाही. चामटोलीच्या घरात चूल मात्र पंचवीस वर्षं फुंकली. फुप्फुसाचा कॅन्सर निघाला तेव्हा "मला कसा गं?" एवढंच म्हणाल्या. चुलीच्या धुरानेही हा धोका वाढतो, हे तेव्हा कळलं.

सध्या त्यांची इम्युनोथेरपी चालू आहे. कॅन्सर आपल्या पांढऱ्या पेशींना ब्रेक लावतो, तो हे औषध सोडवतं. या शोधाला २०१८ चं नोबेल मिळालं. पण सगळ्यांना गुण येत नाही.

परवा इंजेक्शनसाठी बदलापूरहून लोकलने निघालो. डोंबिवली गेलं आणि बाईंनी पिशवीतून गोळ्यांची पट्टी काढली. "खोकला आहे ना, मेडिकलवाल्याने दिली." बघते तर अँटिबायोटिक! "ताई, थांबा," म्हणत मी ती काढूनच घेतली. शेजारच्या बायका बघायला लागल्या.

कारण मी वाचलं होतं. पॅरिसजवळच्या गुस्ताव्ह रूसी संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी २०१८ साली असेच उपचार घेणारे २४९ पेशंट तपासले. त्यातल्या ६९ जणांनी उपचारांच्या आगेमागे अँटिबायोटिक घेतलं होतं. ते सरासरीने कमी जगले. आता कुणी म्हणेल, ज्यांना अँटिबायोटिक लागलं ते आधीच जास्त आजारी असणार. खरंच आहे! म्हणून तर उंदीर आणले. गुण आलेल्या पेशंटची विष्ठा (नाक मुरडू नका) जंतुविरहित उंदरांच्या पोटात सोडली, तर त्यांना औषध लागू पडलं. गुण न आलेल्यांची सोडली, तर नाही. मग त्याच उंदरांना आतड्यात राहणारा अकरमॅन्सिया नावाचा जंतू दिला, आणि औषध चालायला लागलं. म्हणजे पोटातले जंतूही या लढाईत आहेत. माणसांवरचे प्रयोग अजून चालू आहेत.

डॉक्टरांना पट्टी दाखवली. ते म्हणाले, "इन्फेक्शन असेल तर अँटिबायोटिक द्यावंच लागतं, पण ते आम्ही ठरवू. या औषधाने फुप्फुसाला सूज येऊनही खोकला होतो. त्याचा उपाय वेगळा." लगेच स्कॅन केला. सूज नव्हती.

"मग ते चांगले जंतू कॅप्सूलमध्ये मिळतात का हो?" बाईंनी विचारलंच. तेही मनाने घ्यायचं नाही म्हणाले. भाकरी, डाळ, पालेभाजी खा.

परतीच्या गाडीत बाई म्हणाल्या, "ती पट्टी परत घेईल का गं तो मेडिकलवाला?"