अंतर हवेतले, वेळ जमिनीवरचा

१४ जून २०१८ रोजी पंतप्रधानांनी भिलाईत विस्तारित पोलाद कारखान्याचे लोकार्पण केले आणि त्याच कार्यक्रमात जगदलपूर–रायपूर विमानसेवेचाही प्रारंभ झाला. ‘उडान’ योजनेतील ही सेवा छोट्या विमानाची होती; ती लवकरच बंद पडली. सप्टेंबर २०२० मध्ये हैदराबाद–जगदलपूर–रायपूर अशी सेवा नव्याने सुरू झाली. दोन्ही वेळी सांगितला गेलेला हिशेब एकच होता: सहा-सात तासांचा प्रवास आता तासाभरात.

अंकगणित म्हणून तो चुकीचा नाही. रायपूरच्या माना विमानतळापासून जगदलपूर सरळ रेषेत सुमारे २३५ किलोमीटर आहे. रस्ता धमतरी, कांकेर, केशकालचा घाट आणि कोंडागाव असा तीनशे किलोमीटरांचा. रेल्वेची कथा त्याहून उद्बोधक. साठच्या दशकात बैलाडिल्याचे लोहखनिज विशाखापट्टणम बंदरातून जपानला पाठवण्यासाठी बस्तरमध्ये रूळ आले. ते खनिजाच्या सोयीचे होते. त्यामुळे जगदलपूरहून रायपूरला येणारा लोहमार्ग आजही कोरापूट, रायगडा, टिटलागड असा ओडिशातून वळसा घेतो. ज्या प्रदेशाचे रूळ समुद्राकडे वळले आणि राजधानीकडे वळलेच नाहीत, त्याला विमान देणे ही चैन नव्हे.

परंतु प्रवासाचा वेळ विमानाची चाके उचलल्यापासून मोजायचा नसतो. निवृत्तीनंतर मी भिलाईत राहतो. येथून माना पन्नासेक किलोमीटर, तेही रायपूर ओलांडून. दीड तास धरावा. उड्डाणापूर्वीचा तास-सव्वातास, उड्डाण, उतरल्यावरचा अर्धा तास मिळून चार तास होतात. (नंदिनीची धावपट्टी भिलाईच्या उशाशीच आहे, पण ती पोलाद प्राधिकरणाची असून तेथून नियमित प्रवासी सेवा नाही.) तरीही विमान मोटारीपेक्षा दोन-तीन तास वाचवते, हे मान्य करायला हवे.

खरा खर्च प्रतीक्षेचा आहे. विमान आठवड्यातून मोजके दिवस असेल, तर रायपूरच्या एम्समध्ये तपासणीसाठी येणाऱ्या जगदलपूरच्या रुग्णाचा प्रवासकाळ तासांत नव्हे, दिवसांत मोजावा लागतो. रात्रीची बस मात्र रोज सुटते आणि पहाटे पोहोचवते. कामाचा दिवस बुडत नाही. ताशी पाचशे किलोमीटर वेगाचे विमान बसपुढे हरते ते असे. प्रशासनात असताना मी अनेक प्रकल्पांच्या टिपण्या वाचल्या. त्यांत अंतर, आसने, खर्च यांचे रकाने असत. ‘खोळंबा’ नावाचा रकाना कधी दिसला नाही.

‘उडान’मध्ये निम्म्या आसनांच्या भाड्यावर मर्यादा असते, योजनेच्या आरंभी ५०० किलोमीटरांसाठी सुमारे अडीच हजार रुपये. कंपनीची तूट सरकार भरून देते, पण तीनच वर्षे. महालेखापरीक्षकांच्या २०२३ च्या अहवालाने या मुदतीचे फलित मांडले आहे. पहिल्या तीन फेऱ्यांत दिलेल्या ७७४ मार्गांपैकी ४०३ सुरूच झाले नाहीत. सुरू झालेल्या ३७१ पैकी ११२ मार्गांनी तीन वर्षे पूर्ण केली आणि त्यांतलेही मार्च २०२३ पर्यंत ५४ च टिकले. लातूर किंवा नांदेडचा वाचक यात आपला अनुभव ओळखेल.

तीन वर्षांत प्रत्येक मार्ग स्वतःच्या पायावर उभा राहील, हे गृहीतकच मला पटत नाही. जेथे समांतर जलद रेल्वे आहे, तेथील मदत खुशाल थांबवावी. बस्तरसारख्या ठिकाणी पर्याय उभा राहीपर्यंत ती चालू ठेवावी, आणि मोबदला विकलेल्या आसनांबरोबरच वेळापत्रक पाळलेल्या दिवसांवरही ठरवावा. पर्याय दूरचा असला तरी कागदावर आहे: भिलाईच्या कारखान्याला खनिज पुरवण्यासाठी दल्ली राजहऱ्याहून रावघाटकडे टाकला जाणारा लोहमार्ग पुढे जगदलपूरपर्यंत न्यायचा आहे. तो पोहोचला, की या विमानाच्या अनुदानाचा फेरविचार करता येईल.