काठोकाठ भरलेलं भांडं

जनपदकल्याणी नाचायला उभी राहिली आहे. साऱ्या मुलखात तिच्या तोडीची नर्तकी नाही. बातमी पसरली तशी गर्दी लोटली. ती गर्दी आणि ती नर्तकी यांच्या मधून एका माणसाला चालत जायचंय. त्याच्याजवळ तेलाचं भांडं आहे, अगदी काठोकाठ भरलेलं. मागोमाग तलवार उपसलेला एक जण चालतोय. थेंबभर तेल सांडलं, की मुंडकं उडालं.

तो माणूस नाचाकडे वळून बघेल का?

हा प्रश्न बुद्धांनी भिक्खूंना विचारला. संयुत्तनिकायातल्या या दृष्टान्तात तेलाचं भांडं म्हणजे कायगतासति, आपल्या शरीराचं अखंड भान.

नाशिकच्या द्वारका चौकात ही गोष्ट फार जवळची वाटते. मुंबई-आग्रा महामार्ग आणि पुण्याचा रस्ता इथं भेटतात आणि चहूकडून हॉर्न वाजत असतात. इथून मुंबईच्या दिशेला आठेक किलोमीटरवर त्रिरश्मी डोंगर आहे, आपली पांडवलेणी. तिथं दोन हजार वर्षांपूर्वी भिक्खू वर्षावासाला राहत. त्यांच्या चिवरांसाठी उषवदात नावाच्या दात्यानं गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणींकडे ठेवलेल्या ठेवीचा शिलालेख दहाव्या लेण्यात आहे. याच महामार्गावर पुढे इगतपुरी लागते. तिथल्या धम्मगिरीवर १९७६ पासून सत्यनारायण गोयंकांनी शिकवलेल्या विपश्यनेची दहा दिवसांची शिबिरं होतात. पहिले तीन दिवस नुसता श्वास बघायचा. दहाही दिवस गाणं नाही, नाच तर नाहीच. उपोसथाच्या व्रतदिवशी अष्टशील, म्हणजे आठ नियम, पाळणाराही नाचगाण्यापासून दूर राहतो.

मग नाचाचा आणि या साधनेचा संबंध काय? मला तो त्या दृष्टान्तातच दिसतो, फक्त बाजू बदलून बघावं लागतं. गर्दीच्या बाजूनं नाच म्हणजे मन खेचून नेणारी गोष्ट. पण जनपदकल्याणीच्या बाजूनं? तिचं लक्ष क्षणभर हललं तर तिचंही भांडं सांडणारच.

कथक शिकणाऱ्या कुणाच्याही पायांना हे ठाऊक असतं. पहिला धडा तत्कार. ता थेई थेई तत्, आ थेई थेई तत्. पहिल्या चारात उजवा पाय सुरुवात करतो, दुसऱ्या चारात डावा. तीनतालात असे सोळा आघात झाले की पुन्हा पहिली मात्रा, सम. लय ठाय असताना मन इकडेतिकडे भटकून आलं तरी पाय सांभाळून घेतात. दुगुन, चौगुन झाली, की घरात चालू राहिलेला गॅस आठवला तरी उजव्याच्या जागी डावा पडतो.

यातली मोठी नवलाची गोष्ट अशी. डोळे मिटून बसलेल्याचं मन भटकलं, तर ते त्याला कधीकधी पाच मिनिटांनी कळतं. नाचणाऱ्याला ते समेवरच कळतं. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हार्वर्डच्या दोन मानसशास्त्रज्ञांनी सुमारे २२५० माणसांना दिवसभरात अधूनमधून विचारलं, की आत्ता तुमचं मन कुठं आहे? जागेपणातला जवळजवळ ४७ टक्के वेळ ते हातातल्या कामावर नव्हतं. म्हणजे भटकणं हा मनाचा स्वभावच. साधना असते ती परत येण्याची. 'सति' हा पाली शब्द 'स्मृती'चंच रूप आहे. आठवण ठेवायची ती इथं असण्याची. श्वास बघणारा श्वासावर परततो, नर्तक समेवर.

सतिपट्ठान म्हणजे हे भान ठेवण्याच्या चार जागा, आणि चारही नाचताना सापडतात. काया: तळवा फरशीवर कुठं टेकला, खांदे कधी ताठरले. वेदना: पोटरीतली कळ आणि टाळ्यांचा सुखद शहारा, दोन्ही येतात नि जातात. चित्त: 'पुढचा तुकडा आठवेल ना?' ही धास्ती. तिला हाकलायचं नाही, 'धास्ती आहे' एवढं ओळखायचं. धम्म: मनाला अडवणाऱ्या आणि सावरणाऱ्या गोष्टी. चुकलेल्या पावलाची चुटपूट लागली, की पुढची चार पावलंही जातात. चूक झाली हे कळलं, ते तिथंच सोडलं, तर पुढची मात्रा अजून कोरी असते.

संयुत्तनिकायात जनपदकल्याणीच्या अगदी आधीचं सुत्त डोंबाऱ्यांचं आहे! बांबूवर कसरत करणारा गुरू आपल्या मेदकथालिका नावाच्या शिष्याला सांगतो, तू मला सांभाळ, मी तुला सांभाळतो. शिष्य म्हणतो, नाही गुरुजी, तुम्ही स्वतःला सांभाळा, मी स्वतःला सांभाळतो. तसंच आपण सुखरूप खाली उतरू. बुद्धांनी शिष्याची रीत उचलून धरली आणि पुढं सांगितलं, की स्वतःला राखणारा दुसऱ्याला राखतो आणि दुसऱ्याला राखणारा स्वतःला. नाशिक ढोलाच्या तालावर लेझीम खेळणाऱ्यांची रांग बघा. प्रत्येक जण आपल्या पावलात असतो, म्हणूनच रांग मोडत नाही.

हे अनुभवायला घुंगरू लागत नाहीत. अनवाणी उभं राहा. श्वास येऊ-जाऊ द्या. सावकाश सोळा पावलं टाका आणि प्रत्येक पावलाला तळवा जमिनीला कुठं भेटतो एवढंच बघा. सातव्या-आठव्या पावलाशी मन निसटेल. निसटलं हे कळलं, तो क्षण भानाचाच. बाहेर हॉर्न वाजत राहतील, आणि पुढचं पाऊल उचललेलं असेल.